रुपयाएवढी जखम आणि पाच वर्षांचे संशोधन

पत्राचा सारांश: पत्रलेखिका पंचवीस वर्षांच्या असून परभणी जिल्ह्यातील एका खेड्यातल्या आहेत. नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन त्यांनी पुढे बायोमेडिकल इंजिनिअरिंगमध्ये एम.टेक. केले. तीन वर्षांपूर्वी रब्बीच्या दिवसांत, शेतीची लाईट रात्रपाळीला असताना, त्यांचे थोरले बंधू डीपीवरचा, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवरचा, फ्यूज टाकायला गेले आणि त्यांना अकरा हजार व्होल्टच्या लाइनचा शॉक बसला. तळहातावर रुपयाएवढी जखम होती आणि टाचेवर त्याहून लहान. तरीही आठव्या दिवशी त्यांचा उजवा हात कोपराच्या वरून काढावा लागला. आता पत्रलेखिकेला पीएच.डी.साठी प्रवेश मिळाला आहे. विषय आहे विजेच्या तीव्र, अत्यल्पकालीन स्पंदांचा स्नायूंच्या पेशींवर होणारा परिणाम. त्याच सुमारास पुण्याच्या एका कंपनीत रुग्णालयांतील उपकरणांची तपासणी व दुरुस्ती करण्याची नोकरीही चालून आली आहे. वडिलांना नोकरी हवी आहे. आई म्हणते, "ज्या करंटनं लेकराचा हात नेला, त्याच्याच नादी लागतीस व्हय गं?" पत्रलेखिका विचारतात की पाच वर्षे प्रयोगशाळेत घालवून दादाचा हात परत येणार नाही, तर हा हट्ट कशासाठी? मदतच करायची होती तर डॉक्टर व्हायला नको होते का? आणि प्राण्यांवर प्रयोग करण्याची वेळ आली तर ते मनाला पटेल का?

प्रिय मैत्रिणीस,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. "बाहेरून रुपयाएवढी जखम होती, आणि डॉक्टर म्हणाले की आत सगळे जळले आहे." तुम्ही हे वाक्य दुःख सांगताना लिहिले आहे, पण पीएच.डी.चा प्रश्नही त्याच वाक्यात दडलेला आहे. रुपयाएवढ्या जखमेच्या मागे अख्खा हात का जातो? आणि पहिल्या दिवशी बोटे हलत असताना तो आठव्या दिवशी का जातो? तुमच्या तिन्ही प्रश्नांकडे मी येणार आहे, पण त्याआधी या प्रश्नापाशी थोडे रेंगाळायला हवे, कारण "आत सगळे जळले" या शब्दांतच तुमच्या घरातले अर्धे गैरसमज आहेत असे मला वाटते.

आपण सगळेच विजेच्या इजेला भाजणे समजतो. ती भाजते हे खरेच आहे. ऊतींमधून प्रवाह वाहिला की उष्णता निर्माण होते, आणि मनगटासारख्या अरुंद भागात तोच प्रवाह दाटीने वाहत असल्याने तिथे ती अधिक होते. हाडालगतच्या खोल स्नायूंमधून ती लवकर बाहेरही पडत नाही, त्यामुळे कातडी शाबूत राहून आतला भाग होरपळू शकतो. पण एवढ्याने आठ दिवसांचे गणित सुटत नाही. उष्णतेने होरपळलेला भाग बहुतेक तेव्हाच मेलेला असतो. तुमच्या दादांच्या हातात मात्र पहिल्या दिवशी जिवंत दिसणारे स्नायू दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी मरत गेले. शल्यविशारदांना अशा रुग्णांना पुन्हा पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावे लागते ते यामुळेच, कारण आज निरोगी दिसलेला स्नायू परवा काळवंडलेला सापडतो.

याचे एक कारण पेशीच्या आवरणात, म्हणजे पेशीपटलात, आहे आणि तुमच्या प्रबंधाचा विषयही तोच आहे. हे आवरण साधारण पाच नॅनोमीटर जाडीचे असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहा हजाराव्या हिश्श्याएवढे किंवा त्याहूनही पातळ. विश्रांत स्नायूपेशीच्या आत आणि बाहेर सुमारे ९० मिलिव्होल्टचा फरक असतो आणि तेवढा दाब हे आवरण आयुष्यभर सहज पेलते. बाहेरून आलेल्या विजेमुळे तो दाब एका व्होल्टच्या आसपास गेला, की आवरणाला सूक्ष्म भोके पडू लागतात. व्होल्ट हा शब्द ऐकायला किरकोळ वाटतो, पण पाच नॅनोमीटरवर एक व्होल्ट म्हणजे मीटरला वीस कोटी व्होल्ट होतात. पेशी लांब असेल तर तिच्या टोकांशी साचणारा दाबही वाढतो, आणि आपल्या शरीरातल्या सर्वात लांब पेशी म्हणजे स्नायूंच्या आणि मज्जातंतूंच्या. शॉकमध्ये याच दोन्ही आधी बळी पडतात हा योगायोग नव्हे. भोके पडली की बाहेरचे क्षार आत येतात आणि आतले बाहेर जातात. ते पुन्हा जागच्या जागी नेण्यात पेशीची सगळी शक्ती खर्च होते, आणि भोके बुजली नाहीत तर ती काही तासांनी किंवा काही दिवसांनी मरते. यात काहीही जळालेले नसते.

याला इलेक्ट्रोपोरेशन म्हणतात हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. ही गोष्ट घरात कशी सांगायची, हे मात्र सांगावेसे वाटते. या विषयातल्या प्रयोगशाळांमध्ये नवख्या विद्यार्थ्याला पुष्कळदा बटाटा देतात. बटाट्याच्या चकतीत दोन सुया टोचायच्या, त्यांच्यामधून मोजून स्पंद सोडायचे आणि चकती झाकून ठेवायची. त्या क्षणी काहीही दिसत नाही. चकती तशीच पांढरी, तशीच टणक असते आणि हाताला गरमही लागत नाही. काही तासांनी सुयांच्या मधल्या जागेत मळकट छटा येते, आणि दुसऱ्या दिवशी तिथे लांबट गडद डाग उमटलेला असतो, कारण भोके पडलेल्या पेशींमधले रस एकमेकांत मिसळून काळे पडतात. डागाच्या बाहेरचा बटाटा पांढराच राहतो. तुम्हाला प्रयोगशाळेत हे करायला मिळेल तेव्हा पहिल्या तासाचा आणि दुसऱ्या दिवसाचा असे दोन फोटो आईंना दाखवा आणि सांगा, की दादाचा हात पहिल्या दिवशी चांगला दिसत होता तो असा. घरच्या विजेवर हा प्रयोग कुणीही करू नये, तो प्रयोगशाळेतल्या मोजक्या स्पंदांचाच आहे.

आता तुमचा पहिला प्रश्न. दादांचा हात परत येणार नाही, हे तुम्ही स्वतःला सांगितले आहे आणि ते खरे आहे. पण त्यामागे तुम्ही एक गोष्ट न तपासता गृहीत धरली आहे, की या पाच वर्षांचा हिशोब दादांच्या हाताशीच जुळायला हवा. मला ते मान्य नाही. ज्या प्रश्नाने तुम्हाला झोपू दिले नाही त्याचे उत्तर शोधणे म्हणजे परतफेड नव्हे. तुम्ही ते परतफेड म्हणून करू लागलात, तर प्रयोग फसलेल्या प्रत्येक दिवशी दादांशी बेइमानी केल्यासारखे वाटेल, आणि संशोधनात प्रयोग फसलेले दिवसच अधिक असतात. हा विषय तुम्हाला दादांमुळे भेटला. पण तो तुम्हाला आवडतो का? पत्रात पेशीपटलाविषयी लिहिताना तुमचे अक्षर दाटीचे होते, वाक्ये लांबतात आणि खोडाखोड थांबते. नोकरीच्या परिच्छेदात तसे होत नाही. एवढे मला दिसले. त्याचा अर्थ तुम्हीच लावायचा आहे.

दुसरा प्रश्न डॉक्टर न झाल्याचा. हाताने छाती दाबून थांबलेले हृदय चालते ठेवण्याची जी रीत आज शाळकरी मुलांनाही शिकवतात, तिचा उगम शॉक लागून मरणाऱ्या वायरमनांत आहे. अमेरिकेत १९२० च्या दशकात तारांवर काम करणारी माणसे मोठ्या संख्येने दगावत होती, आणि वीज कंपन्यांच्या पाठबळावर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्याची कारणे शोधायला सुरुवात झाली. त्या कामात विल्यम कौवेनहोवेन हे प्राध्यापक होते आणि ते विद्युत अभियंते होते. विजेने हृदय नुसते थांबत नाही, ते थरथरत राहते आणि त्या थरथरीत रक्त पुढे ढकलले जात नाही. ही थरथर मोडायला पुन्हा विजेचाच मोजका झटका लागतो, हे जिनिव्हाच्या प्रेव्होस्ट आणि बातेली यांनी १८९९ मध्येच कुत्र्यांवर दाखवले होते. कौवेनहोवेन यांच्या गटाने छाती न उघडता बाहेरून तो झटका देणारे यंत्र बनवले. पुढे १९५८ मध्ये गाय निकरबॉकर या अभियांत्रिकीच्या तरुण संशोधकाच्या लक्षात आले, की यंत्राचे जड पॅडल छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाबाची रेषा किंचित उचलते. त्याने ते पाहून सोडून दिले असते तरी कुणी विचारले नसते. पण त्यातूनच, जेम्स जूड या शल्यविशारदाच्या साथीने, १९६० मध्ये छाती दाबण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. पुढे १९६९ मध्ये जॉन्स हॉपकिन्सने कौवेनहोवेन यांना वैद्यकाची मानद पदवी दिली. त्यांच्यासाठी अभियंता राहूनच डॉक्टरांच्या उपयोगी पडण्याचा रस्ता होता, आणि तो तुमच्यासाठीही आहे.

असेच दुसरे उदाहरण अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाचे चार्ल्स डालझील. हातात धरलेली तार माणसाला किती प्रवाहापर्यंत सोडता येते, हे त्यांनी स्वयंसेवकांवर मोजले. पुरुषांत सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर आणि स्त्रियांत साडेदहा. आपल्याकडे म्हणतात की करंटने माणसाला ओढून घेतले. करंट ओढत नाही. हात मिटणारे स्नायू हात उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात आणि प्रवाहाने दोन्ही एकदम आवळले गेले की मूठ घट्ट मिटते. माणूस ओरडतो आहे, त्याला तार सोडायची आहे, आणि त्याचाच हात त्याचे ऐकत नाही. याच मोजमापांच्या पायावर डालझील यांनी १९६१ च्या सुमारास गळती ओळखून वीज तोडणारे उपकरण बनवले. आज आपल्याकडे मीटरपेटीत ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवतात, ती त्याच कुळातली. मोजपट्टी घेऊन बसलेल्या एका माणसाच्या कामामुळे किती घरांत दिवेलागणीच्या वेळचा आकांत टळला असेल!

म्हणून प्रयोगशाळा गावापासून दूर असते हे तुमचे म्हणणे मला अर्धेच पटते. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे जातात. हात किंवा पाय गमावून जगणाऱ्यांची गणना त्यात नाही. या संशोधनाची दुसरी बाजूही तुम्हाला ठाऊक आहे. जी भोके दादांच्या हाताला घातक ठरली, तीच मोजून पाडली तर उपकारक ठरतात. एबरहार्ड नॉयमान आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये त्यांच्यातून उंदराच्या पेशींत जनुक पोहोचवले. फ्रान्समध्ये लुई मीर यांच्या गटाने त्यांच्यातून कर्करोगाचे औषध गाठीत घुसवण्याची रीत घडवली. भोके कायमची राहू देऊन, फारशी उष्णता न वापरता गाठ मारता येईल, असे बोरिस रुबिन्स्की आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडले. अनियमित ठोक्यांच्या हृदयासाठी याच तत्त्वावरच्या उपचाराला अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आणि दादांच्या बाजूला सर्वात जवळचे काम शिकागोच्या राफाएल ली यांचे आहे. ते शल्यविशारदही आहेत आणि अभियंतेही. पोलोक्सामर १८८ नावाचा पदार्थ विजेने फाटलेले पेशीपटल बुजवू शकतो, असे त्यांच्या गटाने १९९२ मध्ये उंदरांच्या स्नायूंवर दाखवले. तो अजून शॉकच्या रुग्णांचा रूढ उपचार झालेला नाही. भोक पडल्यापासून पेशी मरेपर्यंतचे ते काही तास, ज्यात परभणीहून संभाजीनगरला निघालेली रुग्णवाहिका असते, वापरता येतील का? हा प्रश्न उघडा आहे आणि त्यावर काम करायला माणसे हवी आहेत.

मात्र नोकरीलाही तुम्ही फार स्वस्तात मोडीत काढले आहे. "मग मी नुसती मशीन दुरुस्त करीन" असे तुम्ही लिहिता. ज्या रुग्णाच्या हृदयापर्यंत तार किंवा नळी गेलेली आहे, त्याच्याशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणातून सामान्य स्थितीत १० मायक्रोअँपिअरपेक्षा जास्त गळती होता कामा नये. डालझील यांनी मोजलेल्या प्रवाहाच्या हजाराव्या भागाहूनही हे कमी आहे, कारण इथे कातडीचे संरक्षण उरलेले नसते. ही गळती मोजणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी नसला, तर अतिदक्षता विभागातल्या रुग्णाचा जीव कुणाच्या भरवशावर असतो? दोन वर्षे नोकरी करून मग पीएच.डी.ला जाणे हाही सन्मानाचा मार्ग आहे. घरावर दवाखान्याचे कर्ज असेल तर कदाचित तोच शहाणपणाचा आहे, आणि तुमच्या पत्रात कर्जाचा उल्लेख ओझरता आला आहे म्हणून हे लिहिते आहे. केंद्राच्या संशोधन पाठ्यवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये झाली, त्यावर घरभाडे भत्ता वेगळा मिळतो. सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्ती आहेत, तुम्ही ज्यात बसता तिची चौकशी करा. आकडा वाईट नाही, पण पैसे वेळेवर हाती येतीलच असे नसते, म्हणून चार-सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असल्याशिवाय कुणीही खेड्यातून उठून पीएच.डी.ला जाऊ नये असे माझे मत आहे. वडिलांशी बोलताना विषयाचे महत्त्व सांगू नका, हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. त्यांचा विरोध संशोधनाला आहे असे मला पत्रावरून वाटत नाही. एक कमावता हात गेल्यावर दुसरा पाच वर्षे अडकून पडेल, ही त्यांची धास्ती आहे.

मार्गदर्शकांना भेटाल तेव्हा काही गोष्टी आडपडदा न ठेवता विचारा. त्यांच्या कामात एखाद्या रुग्णालयाच्या जळीत विभागातला शल्यविशारद सहभागी आहे का? नसेल तर तो मिळवायची त्यांची तयारी आहे का? आधीच्या विद्यार्थ्यांना पीएच.डी. पूर्ण करायला किती वर्षे लागली? त्या विद्यार्थ्यांपैकी दोघांशी, मार्गदर्शक समोर नसताना, बोला. या एका गोष्टीने जितके कळते तितके संकेतस्थळावरच्या शंभर पानांनी कळत नाही. आणि प्रयोगशाळेतली सुरक्षेची शिस्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. स्पंद देणाऱ्या यंत्रातले कपॅसिटर बटण बंद केल्यावरही भरलेले राहू शकतात. ते रिकामे करण्याची पद्धत भिंतीवर लिहिलेली आहे का, झाकण उघडताच यंत्र आपोआप बंद पडते का, रात्री कुणी एकटे काम करते का, हे पाहा. आईंच्या प्रश्नाला मी अडाणी म्हणणार नाही. त्यांचे एक लेकरू विजेने जायबंदी केले आहे आणि दुसरे स्वतःहून तिच्याकडे निघाले आहे. त्यांना विज्ञान समजावण्याआधी, तुम्ही तिथे सुरक्षित असाल हे तुम्हाला खात्रीने सांगता आले पाहिजे.

प्राण्यांविषयी तुमच्या मनात जी कालवाकालव आहे ती जपून ठेवा. प्राण्यांना हात लावताना कधीच काही न वाटणाऱ्या माणसाच्या हाती मी प्राणी देणार नाही. विषयाचा बराच मोठा भाग त्यांच्याविना होतो. सी२सी१२ सारख्या, प्रयोगशाळेत वाढत राहणाऱ्या स्नायूपेशी आहेत, जेलीसारखे कृत्रिम नमुने आहेत, संगणकावरची प्रतिमाने आहेत, आणि आपला बटाटा आहेच. तरीही जिवंत शरीरात वाहणारे रक्त, सूज आणि ताप बशीत मिळत नाही, म्हणून कधीतरी ती वेळ येऊ शकते. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्राच्या सीसीएसईए या समितीच्या नियमांखाली चालणाऱ्या, संस्थेच्या प्राणी नीतिशास्त्र समितीच्या परवानगीशिवाय असा प्रयोग करता येत नाही, आणि पर्याय का चालत नाही हे तिथे लिहून द्यावे लागते. तुम्हाला फक्त पेशींवर काम करायचे असेल तर ते प्रवेश घेतानाच सांगा, तिसऱ्या वर्षी नव्हे. मार्गदर्शकांना ते मान्य नसेल तर दुसरे मार्गदर्शक शोधा. त्यात कमीपणा नाही.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. आज तुमच्या डीपीवरचा फ्यूज गेला तर तो टाकायला कोण जाते? पत्रात याचे उत्तर नाही, आणि मला भीती आहे की वडीलच जात असतील. माझे बालपण कळंबकडचे. पावसाच्या झडीत आमचा एक बैल डीपीच्या ताणतारेपासून दोन हातांवर कोसळला आणि दोरी धरून चालणारे आजोबा बचावले. धन्याचे मरण बैलाने अंगावर घेतले, असे गावात कितीतरी वर्षे सांगत. कारण मला पुढे शिकताना कळले. ओल्या जमिनीत पसरणाऱ्या विजेचा दाब पावलागणिक बदलतो. बैलाच्या पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठे असते, म्हणून त्याच्या अंगावर तो फरक अधिक येतो, आणि प्रवाह छातीतून जातो. कारण कळले म्हणून बैलाचे मोल कमी झाले नाही, पण त्यानंतर पावसात डीपीजवळून गुरे न्यायची नाहीत हे आमच्या घरात पक्के झाले. तुमच्या घरात तीन वर्षांत काय पक्के झाले?

अशाच घरांतून हे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. अकरा हजारांच्या लाइनला कोरडा बांबू किंवा रबरी चप्पल हे संरक्षण नाही. घरातल्या २३० व्होल्टला कोरडी काठी चालून जाते म्हणून डीपीवरही चालेल, हा समज जीवघेणा आहे. तिथे वायरमनच जायला हवा, आणि तो रात्री येत नसेल तर पाण्याची एक पाळी चुकली तरी चालेल. तार तुटून पडली असेल तर लांब राहावे, इतरांना लांब ठेवावे आणि वीज तोडल्याची खात्री होईपर्यंत पडलेल्या माणसालाही शिवू नये. विहिरीवरच्या मोटारीला अर्थिंग द्यावे, उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतावे, घराच्या मीटरपेटीत आरसीसीबी बसवावी आणि तिचे चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे. वीज तुटल्यावर माणूस श्वास घेत नसेल तर त्याला वाळूत पुरण्यात किंवा अंग चोळण्यात वेळ घालवू नये. छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाबत राहावे आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. आभाळातली वीज अंगावर पडलेल्या माणसाच्या शरीरात वीज साठून राहत नाही, त्याला लगेच हात लावता येतो. आणि मोठ्या दाबाचा शॉक बसलेला माणूस उठून चालू लागला, चहा मागू लागला, तरी त्याला दवाखान्यात न्यावेच. अंगठी, कडे सूज येण्याआधी काढावे. लघवी काळ्या चहासारखी होत असेल तर डॉक्टरांना ताबडतोब सांगावे, कारण मेलेल्या स्नायूंतला पदार्थ मूत्रपिंडांत अडकू लागल्याची ती खूण असते.

आणि शेवटची गोष्ट. तुमच्या चार पानी पत्रात वडील काय म्हणतात ते आहे, आई काय म्हणते ते आहे, मावशींनी आणलेल्या स्थळाचे मतही आहे. दादा काय म्हणतात ते कुठेच नाही. तुम्ही त्यांना विचारलेले नाही असे मी समजते. बहुधा त्यांची जखम उघडू नये म्हणून. पण त्या रात्री त्यांच्या हाताचे काय झाले हे जगात एकाच माणसाला ठाऊक आहे. बोटे कधी बधिर झाली, किती वेळ मूठ वळता येत होती, कुठल्या तासाला आतून ठणका सुरू झाला, नसलेला हात आजही दुखतो का. केस पेपरवर यातले फार थोडे उतरलेले असणार. मार्गदर्शकांना भेटायला जाल तेव्हा दादांना येता का म्हणून विचारा. ते हो म्हणाले तर ती भेट दोघांनी मिळून घ्या, आणि मार्गदर्शकांच्या समोरच्या खुर्चीवर आधी दादांना बसू द्या.